चष्म्यावर धरणारी वाफ दुर्लक्षू नका

एन-९५ मास्क लावूनही पाळीभर चष्म्यावर वाफ धरते आणि दुसरे माप मागितले की रुग्णालयाच्या भांडारातून ‘आहे तोच वापरा’ असे उत्तर मिळते, हे तुम्ही लिहिलेले वाचून मला २०२० मधले माझे दिवस आठवले. ती वाफ म्हणजे श्वास नाकाच्या कडेने निसटत असल्याची खूण आहे, आणि जिथून श्वास निसटतो तिथून न गाळलेली हवा आतही येते.

हात केव्हा धुवायचे वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल. मी केलेली चूक मात्र सांगते, कारण ती अजूनही अनेकींकडून होते. मास्क सैल बसतो म्हणून मी त्याच्या आत साधा सर्जिकल मास्क घालू लागले. त्यामुळे चेहरा घट्ट झाकल्यासारखा वाटे, पण आतल्या मास्कच्या घड्यांमुळे एन-९५ची कड त्वचेला टेकतच नव्हती. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवण्याची क्षमता गाळणीच्या थरात असते. कडेला फट राहिली की तिचा उपयोग उरत नाही. तीन आठवड्यांत मी आजारी पडले, आणि पाठोपाठ माझ्यासमोर बसून जेवणारी सहकारीही. संसर्ग नेमका कुठून झाला हे सिद्ध करता येणार नाही, तरी त्याची बोच आजही आहे.

त्याआधी मी एका कार्यालयात चार वेळा जाऊन फिट टेस्ट मागितली होती. त्या चाचणीत डोक्यावर आवरण चढवून आत गोड किंवा कडू द्रावणाचा फवारा मारतात, मान वळवायला, वाकायला, बोलायला लावतात. चव लागली तर मास्क गळतो आहे हे कळते. ‘मास्क प्रमाणित आहे, मग तक्रार कसली?’ एवढेच मला दर वेळी ऐकवले गेले. माझे सर्वांत मोठे नुकसान झाले ते एकही मागणी लेखी न दिल्यामुळे, कारण आजारपणानंतर दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता. तुम्ही आजच अर्ज द्या, पोच घ्या आणि प्रत संसर्ग नियंत्रण समितीला पाठवा.

मी परिचारिका आहे, या विषयातील तज्ज्ञ नाही, आणि तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतील. तरीही गळणारा मास्क लावून रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना जवळ उभे राहू नये, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या घडणीचा मास्क मिळेपर्यंत नाकावरची पट्टी चिमटीत न धरता दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, आणि कक्षात शिरण्यापूर्वी दर वेळी कडेने हवा सुटते का ते तपासा.