मोवरची चावी हरवली तर

भावा, चावी हरवली म्हणून सोलेनॉइडच्या (बॅटरीचा करंट स्टार्टरला सोडणाऱ्या स्विचच्या) दोन बोल्टांवर पाना टेकवून मोवर (बसून चालवायची गवत कापायची गाडी) चालू करायच्या फंदात पडू नको. त्याने स्टार्टर फिरेल, पण सीट, ब्रेक आणि पात्याचे सेफ्टी स्विच बाजूला पडतात. गाडी गिअरमध्ये असेल तर सरळ अंगावर येईल. शिवाय मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बऱ्याच इंजिनांत चावीचा स्विच बंद असला की मॅग्नेटोची वायर बॉडीला जोडलेली, म्हणजे अर्थिंग झालेली असते, म्हणजे ठिणगीच पडत नाही. नुसतं घुर्र घुर्र, आणि बॅटरी संपणार.

आधी डीलरला मॉडेल नंबर सांग. बऱ्याच मोवरना एकसारखीच चावी चालते, नवी सहज मिळते. नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून स्विच सोडव आणि सोलापुरातल्या चांगल्या चावीवाल्याकडे ने. तेही नाही जमलं तर चावीसकट नवा स्विचच बसव. मात्र मागची अक्षरं जुळव: बी बॅटरी, एस सोलेनॉइड, एम मॅग्नेटो, जी ग्राउंड, म्हणजे अर्थिंग. पिना सारख्या दिसल्या तरी आतली जोडणी वेगळी असते, म्हणून जुना स्विच दुकानात सोबत ने.