वाटी-चमच्याचं दूध आणि तुझं दूध

‘ताई, माझी लेक पाच आठवड्यांची आहे. सिझेरियन झालं. सहा महिने फक्त अंगावरच पाजायचं, असं मी पोटुशी असल्यापासून ठरवलं होतं. जन्मली तेव्हा २.९ किलो होती, परवा ३.१ भरली. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं. डबा आणला त्या रात्री मी ओट्यापाशी उभी राहून रडले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हिच्या अंगावर दूधच नाही. मी हरले का?’
– एक आई, सिडको, नाशिक

बाळा,

आधी वजनाचं बोलू. तान्हं बाळ पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं आणि मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅम भरतं. तुझी लेक पाच आठवड्यांत दोनशेच ग्रॅम भरली आहे. डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं. ती उपाशी राहू नये म्हणून तू डबा आणलास, यात हरणं कुठे आलं?

‘दूधच नाही’ हे मात्र मी एवढ्यात मान्य करणार नाही. सिझेरियननंतर पान्हा उशिरा फुटतो. बाळंतपणात रक्त फार गेलं, थायरॉइड बिघडलं, तरी दूध कमी येतं. बाळाची जीभ खालून बांधलेली असेल तर त्याला ओढता येत नाही. आणि कितीदा तर बाळ नुसतं टोकच तोंडात धरतं, भोवतीचा काळा भाग बाहेरच राहतो. आईला चिरा पडतात, बाळाचं पोट भरत नाही. अनुभवी नर्सला किंवा स्तनपान सल्लागाराला समोर बसवून एकदा पाजून दाखव. थायरॉइडची तपासणीही डॉक्टरांना विचार.

तोवर ठरवलेलं थोडं बदल. दर वेळी आधी दोन्ही बाजूंना घे, मग डॉक्टरांनी सांगितलं तेवढं वरचं. त्यानंतर दहा मिनिटं हातानं किंवा पंपानं दूध काढ. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आवडीनं खा, पण दूध वाढतं ते वारंवार पाजल्यानं आणि काढल्यानं. काही जणी महिनाभरात पुन्हा पूर्णपणे अंगावर पाजू लागतात, काहींचं दोन्ही चालू राहतं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, तशीच पुढे दोन वर्षं आणि त्यानंतरही पाजत राहा असंही सांगते. रात्रीचं एकच पाजणं उरलं, तरी ते तिला लाभतंच.

पावडर डब्यावर लिहिली तेवढीच, चमचा सपाट करून घाल. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ केलेल्या दुधानं बाळ अशक्त होतं. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच मिसळ, मग कोमट कर. उरलेलं ओतून दे. गाईचं दूध, मध, गुटी, वरचं पाणी काही नको. बाटलीऐवजी वाटी-चमचा घे. माझ्या धाकट्याला मी असंच पाजलं. निम्मं दूध ओघळून मानेच्या वळीत जायचं, तिथे आंबूस वास यायचा, तरी वाटी संपायची.

दिवसात सहाहून कमी लंगोट ओले झाले किंवा ती सुस्त पडून पिईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. तुझं रडू दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. रात्रीची एक वाटी नवऱ्याकडे दे. आणि पुढच्या वेळी वजनाला जाताना सासूबाईंना सोबत ने. काट्यावरचा आकडा त्यांनाही त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.