शाकाहारी झालात? आधी बी-१२ बघा

शाकाहार हृदयाला मानवतो, हे खरंच. पण व्हिटॅमिन बी-१२ चं तेवढं आधी मार्गी लावा. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळावरही विसंबू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराच्या उपयोगाचं नसतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो.

बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं. ते जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळतात. मात्र गोळ्यांनी ते उतरवलं की हार्ट अटॅक टळतात, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. गोळी घ्यायची ती कमतरता भरून काढायला.

प्रौढांना रोज साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं. दूध घेत असलात तरी तपासणी करा. बी-१२ काठावर आलं तर होमोसिस्टीनही बघायला सांगा. लिटरमागे १५ मायक्रोमोलच्या वर म्हणजे जास्त.

आणि हे कळकळीने सांगतो, नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत बसू नका. त्याने बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांची हानी आत चालूच राहते. पायांना सतत मुंग्या येत असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्याने बी-१२ कमी शोषलं जातं.