शेती गेली, मग शेतीचं शिकून काय करू?

प्रश्न : मी बारावी सायन्सला शिकते. आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या बुडितात गेलं, आता आम्ही पवनी तालुक्यातल्या नवीन गावठाणात राहतो. तीन एकर धानाची शेती होती. मोबदला घर बांधण्यात आणि ताईच्या लग्नात संपला. बाबा टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जातात, आई दुसऱ्यांच्या बांधीत (धानाच्या शेतात) रोवणीला जाते. प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र दादाच्या नावावर आहे. तो बी.ए. अर्धवट सोडून नोकरीची वाट पाहतोय. आता घरचे म्हणतात, प्रमाणपत्र तुझ्या नावावर करू, तू तलाठी हो. मला बी.एस्सी. ॲग्री करावंसं वाटतं, पण शेतीच राहिली नाही तर ते शिकून काय उपयोग? बाबा अजूनही कुणाच्या खळ्यावर गेले की धानाचा दाणा दाताखाली फोडून ‘दोन उन्हं अजून पाहिजेत’ असं सांगतात. मला ते बघवत नाही.

उत्तर : आधी प्रमाणपत्राबद्दल बोलू, कारण तुमच्या घरात सगळं त्याच्याभोवती फिरतंय असं दिसतं. शासकीय सेवेत गट क आणि गट ड च्या पदांवर प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आहे. म्हणजे 20 जागांमागे एक, आणि तीसुद्धा सामाजिक प्रवर्गांमध्ये वाटली जाते. जिल्ह्याची जाहिरात छोटी असली तर तुझ्या प्रवर्गाच्या रकान्यात शून्य दिसू शकतं. परीक्षा सगळ्यांसारखीच द्यावी लागते, गुणवत्ता यादीही लागते, फक्त चढाओढ प्रकल्पग्रस्त उमेदवारांमध्ये असते. प्रमाणपत्र दाखवलं की नोकरी हातात, हा समज गावोगावी पक्का बसलाय आणि त्यापायी कितीतरी मुलांची उमेदीची वर्षं पारावर गेली आहेत. आणि तलाठी व्हायलाही पदवी लागतेच. म्हणजे बारावीनंतर शिकायचं की प्रमाणपत्राच्या मागे लागायचं, असा प्रश्नच उरत नाही.

प्रमाणपत्र तुझ्या नावावर होऊ शकतं का? एका कुटुंबात त्याचा लाभ एकालाच मिळतो. दादाने अजून त्यावर नोकरी घेतलेली नसेल तर जिल्हा पुनर्वसन कार्यालयात नाव बदलण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला घरच्यांची संमती आणि शपथपत्रं जोडावी लागतात. पण त्याआधी घरातली ट्रंक उघडा आणि मोबदल्याच्या वेळी ज्या ज्या कागदांवर सह्या झाल्या ते सगळे शांतपणे वाचा. नोकरीऐवजी एकरकमी पैसे घेतल्याचा कागद त्यात निघाला, तर पुढचा अर्ज करण्याआधी त्याच कार्यालयात स्पष्ट विचारून घ्या. एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

मला विचारशील तर आत्ता लगेच नाव बदलायची घाई करू नका. प्रकल्पग्रस्तांना वयाची कमाल मर्यादा 45 वर्षं आहे. दादाने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करावी आणि तयारी करून सरळसेवेच्या दोन-तीन परीक्षा द्याव्यात. त्याच्याकडून नाही जमलं, तर तुझी पदवी होईपर्यंत नाव बदलायला वेळ आहेच. गोसेखुर्दचं भूमिपूजन 1988 चं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. त्या प्रकल्पाच्या फायलींच्या चालीवर स्वतःची वर्षं बांधून घेऊ नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. शासकीय धान खरेदी केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात आणि 17 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर धान परत नेऊन वाळवावं लागतं. बाबा दाणा फोडून जे सांगतात ते हेच. सातबारा नावावर नसला तरी हे ज्ञान चालतं, फक्त त्याला पगार मिळायला हातात पदवी किंवा पदविका असावी लागते. अकोल्याचं महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ), तिथलीच बीज प्रमाणीकरण यंत्रणा, खासगी बियाणे कंपन्यांचे क्षेत्र अधिकारी, गोंदिया-तुमसरच्या राइस मिल, बँकांमधली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची पदं, कृषी विभागाची भरती : यातल्या एकाही ठिकाणी तुझ्या वडिलांना किती एकर आहे असं कुणी विचारत नाही. साकोली आणि सिंदेवाहीला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची धानावर काम करणारी संशोधन केंद्रं आहेत. सुट्टीत एकदा साकोलीला जाऊन ये, जमलं तर बाबांना सोबत ने. तिथल्या माणसांशी ते तुझ्यापेक्षा जास्त बोलतील.

प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात, तारीख सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बघत राहा. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणांचा अधिभार (जादा गुण) असतो. तुमचा सातबारा आता नाही, म्हणून जुना उतारा आणि भूसंपादनाचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) जपून ठेव; तुम्हाला कोणत्या कागदावर तो लागू होतो, किंवा भूमिहीन शेतमजूर म्हणून मिळतो का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तपास. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये मोडत असशील, तर 2024 च्या निर्णयानुसार मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ही सवलत गेली. खरा खर्च वसतिगृह आणि मेसचा असतो, म्हणून अर्ज भरताना शासकीय महाविद्यालयं वर ठेव.

बायोलॉजी आवडत असेल तर नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचाही विचार कर. ज्या पाण्याखाली तुमच्या बांध्या गेल्या त्याच पाण्यातल्या मासेमारीचं शिक्षण घे असं सांगणं कडू वाटेल, हे कळतं मला. पण जलाशय आता तिथेच राहणार आहे, आणि त्यातून कमावणारी माणसं बाहेरूनच येत राहावीत असं काही नाही.

बाबांना दाणा फोडताना बघवत नाही म्हणतेस. बघ. आणि जमलं तर विचार की कोणत्या वाणाचं धान किती दिवसांत वाळतं, जुन्या शेतात कोणतं लावायचे, बी कसं ठेवायचे. एका वहीत लिहून काढ. आणि सीईटी होईपर्यंत रोवणीला आईबरोबर जायचं की अभ्यासाला बसायचं हे रोज सकाळी ठरवू नका. आईशी आत्ताच एकदा बोलून आठवड्याचे वार नक्की करून टाका.