मॉड्यूल बदलण्याआधी पावसाच्या तारखा तपासा (अर्जुना खोरं, राजापूर)

तुमची पोस्ट वाचली: अर्जुना खोऱ्याचं एचईसी-एचएमएस (पावसावरून नदीचा पूर काढणारं सॉफ्टवेअर) मॉडेल जून ते सप्टेंबर चालवलंत, आणि मॉडेलमधला पूर राजापुरात मोजलेल्या पुरापेक्षा जवळजवळ दिवसभर उशिरा येतोय. कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाणार ते ठरवणारा आकडा) ९२ वर नेलात, लॅग (पावसापासून पुरापर्यंतचा उशीर) अर्ध्या तासावर आणलात, तरी ढिम्म. म्हणून आता लॉस मेथड (जमिनीत मुरणारं पाणी वजा करायची पद्धत) बदलून ग्रीन-अँप्ट ही दुसरी पद्धत लावू, की सरळ पीआरएमएस हे दुसरं मॉडेल घेऊ, असा तुमचा प्रश्न. वाचल्या वाचल्या ओळखलं. हेच दुखणं मी संगमेश्वरच्या बाजूला एका नदीवर काढलंय.

डीईएम (जमिनीच्या उंचीचा नकाशा), सबबेसिन (उपखोरी) वगैरे तुम्हाला येतंय हे पोस्टवरून दिसतं, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की आज एकही मॉड्यूल (मॉडेलचा सुटा भाग) बदलू नका. विहिरीत पाणी आहे का ते न बघता पंप बदलण्यातला प्रकार होईल तो.

साधा हिशोब करा. एका दिवसात २०० मिमी पाऊस धरला, तर कर्व्ह नंबर ७५ ला साधारण १२५ मिमी पाणी वाहून येतं आणि ९२ ला साधारण १७६ मिमी. म्हणजे पाण्याचं माप बदललं. पाणी कधी आलं, त्यात काडीचा फरक नाही. ग्रीन-अँप्टनेही फार तर तासा-दोन तासांचा फरक पडेल. लॅग तर तुम्ही आधीच इतका कमी केलाय की अणुस्कुऱ्याचं पाणी राजापुरात एसटीच्या आधी पोचेल. दिवसभराची चूक यातल्या कुठल्याच खणात मावत नाही. ती पावसातच असणार.

हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या सकाळच्या साडेआठपासूनचा पाऊस मोजणीच्या तारखेवर लिहितात. २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. पाणी पहाटेच शहरात शिरलं होतं. ज्या पावसाने ते आणलं तो २१ ची सकाळ ते २२ ची सकाळ यातला, पण वहीत तो २२ तारखेचा. हाच आकडा तुम्ही मॉडेलला २२ च्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत सारखा वाटून दिलात, तर गाव बुडाल्यावर मॉडेलमध्ये पाऊस पडत राहतो. साडेपंधरा तासांचा घोळ इथेच झाला. गंगेच्या मैदानात तो खपून जाईल. आपल्या नद्या घाटमाथ्यावरून निघून काही तासांत खाडीला लागतात, इथे नाही खपत.

एवढंच असतं तर सगळ्या केंद्रांच्या तारखा एकदम मागे सरकवून काम भागलं असतं. आमचं भागलं नाही, आणि आता मनातलं बोलतो.

ज्या कार्यालयाने आम्हाला पाऊस दिला (नाव घेत नाही, अजून तिथे जावं लागतं) त्यांनी रीतसर शुल्क घेऊन एक्सेल फाइल दिली. त्यात काही केंद्रांच्या तारखा मोजणीच्या दिवसाच्या होत्या आणि काहींच्या कोणीतरी आपल्या बुद्धीने 'दुरुस्त' करून आदल्या दिवसावर टाकलेल्या. तेही सगळ्या वर्षांत नाही. एकाच केंद्राची काही वर्षं अशी, काही तशी. टंकलिहिणारा बदलला की पद्धत बदलली, असा माझा अंदाज. लेखी विचारलं की तारखा कुठल्या धरायच्या. उत्तर आलं: "माहिती कार्यालयीन अभिलेखानुसार देण्यात आली आहे." संपलं. पुन्हा विचारलं तर साहेब दौऱ्यावर, क्लार्क म्हणतो वरून आलंय, वरचे म्हणतात खालून आलंय. तोवर इकडे ऑटो-कॅलिब्रेशन (मॉडेलचे आकडे आपोआप जुळवणारी सोय) चुकीच्या तारखांना बिनतक्रार जुळवून घेत होतं आणि कातळाचा कर्व्ह नंबर काँक्रीटच्या वर नेत होतं. अख्खा हंगाम गेला त्यात. बिल अडकलं ते वेगळंच.

शेवटी ओळखीने मूळ रजिस्टर बघायला मिळालं. ओलीने फुगलेलं, कडेला वाळवीने खाल्लेलं. जुलैच्या पानावर एका तारखेला पावसाच्या रकान्यात आडवी रेघ आणि शेऱ्यात पेन्सिलीने 'पूल पाण्याखाली'. मोजणारा पोचलाच नव्हता. खालच्या ओळीत दोन्ही दिवसांचा मिळून पाऊस. एक्सेलमध्ये त्या रेघेचं शून्य झालं होतं. ज्या दिवशी पूल बुडाला तो दिवस आमच्या मॉडेलसाठी कोरडा ठणठणीत!

तेव्हा तुम्ही काय कराल? दोन शेजारची केंद्रं घ्या, समजा राजापूर आणि पाचल. दैनिक पावसाचा परस्परसंबंध काढा: आहे तसा, मग एक केंद्र एक दिवस पुढे सरकवून, मग मागे सरकवून. हे दरवर्षीसाठी वेगळं करा, सगळी वर्षं एकत्र घेतलीत तर घोळ झाकला जातो. सरकवल्यावर आकडा ठळकपणे वाढला तर त्या वर्षी दोघांच्या तारखांची पद्धत वेगळी आहे. मग तिसरं केंद्र घेऊन कोण चुकतंय ते ठरवा. दुसरं, जुलैमधली सगळी शून्यं बाहेर काढा. शेजारी शे-दीडशे मिमी आणि इथे शून्य, आणि दुसऱ्या दिवशी इथे भलतीच उडी, असं दिसलं की ते शून्य नाही, ती रेघ आहे. रविवार आणि सणासुदीचे दिवस आधी बघा. तिसरं, एखाद्या केंद्रावर मोठे आकडे ठरावीक ठिकाणी अडकतात का ते पाहा. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौ. सेमी आणि आत ४ लिटरची बाटली असेल तर २०० मिमीला बाटली भरते. आपल्याकडे तो आकडा काही विशेष नाही.

माहिती अधिकाराबद्दल एक सुचवतो (मी वकील नाही, नियम एकदा बघून घ्या). अर्जात 'डेटा द्या' लिहिलंत की तीच एक्सेल फाइल पुन्हा येते. त्याऐवजी २००५ च्या कायद्यात अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा जो हक्क आहे तो मागा, आणि अमुक केंद्राचं अमुक वर्षांचं पर्जन्य रजिस्टर असं नेमकं लिहा. फोटो काढू देतील की नाही ते समोरच्याच्या मूडवर.

उपग्रहाचा पाऊस वापरायचा विचार असेल तर आयएमईआरजीची (उपग्रहावरून काढलेल्या पावसाची माहिती) वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) असते. ०३:०० यूटीसी म्हणजे आपले साडेआठ, तिथून दिवस कापलात की तुलना नीट होते. पण घाटावरचा पाऊस तो कमी दाखवतो, तेव्हा एकूण मापासाठी त्याच्यावर विसंबू नका. हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिडही (चौकोनाचौकोनाने दिलेला पाऊस) कोकणात जपून वापरा. एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा, आणि आपली पट्टी समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत पन्नासेक किलोमीटर. कातळसडा आणि घाटपायथा एकाच चौकोनात जातात. त्यापेक्षा महावेधच्या (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचा प्रकल्प) मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांचा तासावार पाऊस मिळतो का बघा. मिळाला तर एचएमएसच्या गेज वेट्समध्ये (कुठल्या केंद्राला किती महत्त्व ते ठरवतात तिथे) वेळेचं वजन त्या केंद्राला द्या आणि खोलीचं, म्हणजे पावसाच्या एकूण मापाचं, वजन जुन्या केंद्रांना. दिवसभर सारखा पाऊस वाटण्यापेक्षा कितीतरी बरं.

मोजलेला विसर्गही तपासून घ्या. तो सकाळी ८ चा एकच आकडा आहे, की दिवसाची सरासरी? रात्रीत चढून पहाटे उतरलेला पूर सकाळच्या आकड्यात दिसतच नाही, आणि मग मॉडेल बरोबर असूनही नॅश-सटक्लिफ (मॉडेल मोजणीशी किती जुळलं त्याचा आकडा) तुम्हाला नापास करतो.

आता पीआरएमएस. यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण) लीव्हस्ली आणि सहकाऱ्यांचं १९८३ चं काम, आणि पुढे त्याच घरात मॉड्युलर मॉडेलिंग सिस्टीम उभी राहिली: बाष्पीभवनाच्या अनेक पद्धतींतली हवी ती उचला, मातीच्या ओलाव्याचं मॉड्यूल जोडा, नको ते काढा. कल्पना सुरेख आहे. (बर्फ वितळण्याचं मॉड्यूलही आहे, ते राजापुरात कोणाला लागलं तर मला कळवा.) पण आजचं पीआरएमएस दैनिक पायरीवर चालतं, म्हणजे दिवसाला एकच आकडा. जवाहर चौकात पाणी किती वाजता येईल हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. डिसेंबरनंतर नदीत किती पाणी उरेल, जांभ्यात मुरलेलं पाणी झऱ्यांतून किती दिवस येत राहील, तीन हजार मिमी पाऊस पडून एप्रिलात टँकर का लागतो, अशा प्रश्नांना मात्र ते माझ्या मते एचएमएसपेक्षा बरं. भूजल गंभीरपणे धरायचं असेल तर मॉडफ्लोशी (भूजलाचं मॉडेल) जोडलेलं पीआरएमएस, म्हणजे जीएसफ्लो, २००८ पासून आहे. पाऊस मात्र तिथेही तुम्ही द्याल तोच पडणार.

तारखा सुधारून झाल्यावर एक मॉड्यूल खरंच बदला. चार महिने सलग चालवायचं तर कर्व्ह नंबर नको. ती एका पावसाची पद्धत आहे. एकदा जमीन ओली धरली की मधल्या उघडिपीत ती पुन्हा सुकत नाही, म्हणून ऑगस्टचे पूर फुगतात. डेफिसिट अँड कॉन्स्टंट (उघडिपीत जमीन पुन्हा सुकू देणारी लॉस मेथड) लावा, सोबत लिनियर रिझर्व्हॉयर बेसफ्लो (जमिनीतून नदीत हळूहळू येणारं पाणी धरायची पद्धत). एका वेळी एकच खण बदला आणि प्रत्येक वेळी बेसिन मॉडेलची वेगळ्या नावाने प्रत ठेवा. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

करकच्या अर्जुना धरणाचा पोस्टमध्ये उल्लेख नाही. तो रिझर्व्हॉयर म्हणून टाका, नाहीतर वरचं पाणी सरळ खाली येईल. (चिपळूणचं कोणी वाचत असेल तर त्यांना कोयनेचं वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडलेलं पाणी सोर्स म्हणून द्यावंच लागेल, ते खोऱ्याबाहेरचं आहे.) राजापूरच्या खाली खाडीचा प्रश्न येतो, तो एचएमएसच्या आवाक्यातला नाही. तिथे एचईसी-रास (नदीतल्या पाण्याची पातळी काढणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि खालच्या टोकाला भरतीची पातळी द्या. उधाणाच्या तारखा सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटी तक्त्यात मिळतील.

दोन्ही केंद्रांचा दैनिक पाऊस आणि विसर्ग साध्या सीएसव्हीत इथे टाका, शून्यं आणि रेघा आहेत तशाच ठेवून. तारखा मी रविवारी बघून सांगतो, आमच्याकडे लाईट राहिली तर.