वाचकांचे प्रश्न : कुत्र्यांसाठी राखीव मैदान

प्रश्न : आमच्या वस्तीत एक पडीक जागा आहे. तिथे कुत्र्यांना मोकळं सोडता येईल असं मैदान करायचं आम्हा काही रहिवाशांच्या मनात आहे. सुरुवात कुठून करावी?

जागेच्या मालकाकडे जाण्याआधी समिती करा आणि तिच्यात कुत्रा न पाळणारे दोन-तीन जण घ्याच. विरोध बहुधा आवाज, वास आणि सुटलेला कुत्रा यांवरूनच होतो. हे आक्षेप समितीतच निघाले तर आराखड्यात त्यांची सोय होते. मग घरोघरी छोटी पाहणी करा : कुत्रे किती, लहान की मोठे, फिरवायची वेळ कोणती, वर्गणी द्याल का, आठवड्यातून तासभर काम कराल का. शेवटच्या प्रश्नाला किती होकार आले, तेवढंच तुमचं खरं बळ समजा. बाकीच्या उत्साहावर विसंबू नका.

अर्जासोबत नकाशा, कुंपणाचा खर्च, वर्षभराच्या देखभालीचा खर्च आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी द्या. कायमची परवानगी मागण्यापेक्षा सहा महिन्यांच्या प्रयोगाची मागा. तिला 'हो' म्हणणं सोपं जातं.

प्रश्न : जागा किती लागते आणि कुंपण कसं असावं?

एक एकर, म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर मिळाली तर उत्तम. कमी जागेतही भागतं, फक्त हिरवळीची आशा सोडा. दहा-बारा किलोच्या आतल्या कुत्र्यांना वेगळा भाग हवा.

कुंपण पाच-सहा फूट उंच, दोन इंची जाळीचं. पण कुत्री वरून जितकी पळतात, त्याहून जास्त खालून निसटतात. जाळी जमिनीत फूटभर गाडा. खाली कातळ असेल तर जाळीची फूटभर पट्टी आतल्या बाजूला काटकोनात वाकवून जमिनीवर अंथरा आणि वर खडी टाका. कुत्रा कुंपणाच्या बुडाशीच उकरतो, फूटभर मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. काटकोनी कोपरे टाळा. तिथे दांडगा कुत्रा भित्र्याला कोंडीत पकडतो.

पैसे कमी पडले तर बाक, अडथळ्यांचे खेळ, शोभेची झाडं सगळं मागे ठेवा, पण दुहेरी फाटकावर काटकसर नको. दोन फाटकं, मध्ये दहा बाय दहा फुटांचा सिमेंटचा चौक, बिजागऱ्या स्प्रिंगच्या. पट्टा याच चौकात काढायचा, कारण मोकळ्या कुत्र्यांत पट्ट्याला बांधलेला कुत्रा अडकल्यासारखा होतो आणि चावा घेतो. शिवाय मालवाहू गाडीसाठी एक बारा फुटी, कुलूपबंद फाटक ठेवा. हे हमखास विसरतं आणि वर्षभरात कुंपण कापायची वेळ येते.

प्रश्न : गवत लावलं तर टिकेल का?

कुत्र्याच्या लघवीतल्या नत्राने गवत करपतं आणि धावपळीने माती दबते, म्हणून नुसतं पुन्हा बी पेरून उपयोग नाही. मैदानाचे दोन भाग करून आलटूनपालटून विश्रांती द्या. फाटकाजवळ आणि नळाभोवती चार-सहा इंच लाकडाच्या ढलप्या घाला. त्या कुजतात, दरवर्षी भर घालावी लागते. चॉकलेट ज्यापासून बनतं त्या कोकोच्या टरफलांचं आच्छादन मात्र नको, ते कुत्र्यांना विषारी असतं. उतार शंभर फुटांत दोन फूट ठेवा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाचा) धोका असतो आणि तो माणसांनाही होतो.

प्रश्न : रोगराईचं काय?

रेबीज, डिस्टेम्पर आणि पार्वोच्या लसींचा दाखला पाहूनच प्रवेश द्या. चार महिन्यांखालचं पिल्लू आणि माजावर आलेली कुत्री नको. पाण्याचं भांडं ज्याचं त्याने आणावं. विष्ठा मात्र रोजच्या रोज उचललीच पाहिजे : गोलकृमीची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण एकदा मातीत मिसळली की वर्षानुवर्षं टिकतात.

प्रश्न : कुत्र्यांची भांडणं कशी टाळायची?

बहुतेक भांडणं फाटकाशी होतात, कारण नवा कुत्रा आला की बाकीचे झुंडीने धावतात. म्हणून बाक फाटकापासून लांब आणि विखुरलेले ठेवा; माणसं जिथे बसतात तिथेच कुत्री घुटमळतात. खाऊ आत आणायला पूर्ण बंदी, गर्दीच्या वेळी चेंडूलाही. जुंपलीच तर गळपट्ट्याला हात घालू नका, पाइपने पाणी मारा. सुटल्यावर एकाला आधी बाहेर न्या, दुसऱ्याला पाच मिनिटांनी.