जिल्हा परिषदेच्या शाळेत सारख्या क्षेत्रभेटी, मेळावे आणि रोज अर्धा तास परिपाठ. यातून मुलं खरंच काही शिकतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, शाळा जिल्हा परिषदेची. महिनाभरात मुलांना पोस्टात नेलं, दूध संकलन केंद्रावर नेलं, बाल आनंद मेळावा झाला आणि वर रोज अर्धा तास परिपाठ. मग पुस्तक कधी पूर्ण होणार आणि मुलीला इंग्रजी माध्यमात घालावं का, असा तुमचा प्रश्न. मी जुन्नर तालुक्यात प्राथमिक शाळांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला पालकांपेक्षा वरिष्ठांनीच जास्त विचारला, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

परिसर अभ्यास नुसता फळ्यावर शिकवला की त्याची प्रश्नोत्तरं होतात आणि ती दिवाळीच्या सुट्टीत विसरली जातात. हे माझं ठाम मत आहे. आमच्या चौथीच्या वर्गात पाण्याचा पाठ चालू होता. पाणी निर्जंतुक करायला काय वापरतात? क्लोरीन. सगळा वर्ग एका सुरात सांगायचा. पण आपल्याच गावच्या टाकीत ते कोण टाकतं, कधी टाकतं, किती टाकतं, हे एकालाही सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्ग घेऊन टाकीवर गेले.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक दादा तिथे होते. त्यांनी टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर दाखवली. ती थेट टाकीत टाकत नाहीत. बादलीत पाण्यात कालवून ठेवायची, चुना खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतायची. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, असा हिशोब त्यांनी सांगितला. टाकी पन्नास हजार लिटरची. पोरं तिथंच ओट्यावर बसून पाटीवर गुणाकार करायला लागली. पन्नास पंचे अडीचशे. किराणा दुकानदाराची मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे पावशेरच की!" मग तिनंच विचारलं, दादा पावडर मोजता कशानं? दादांकडे एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात किती ग्रॅम मावतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ही मुलगी वडिलांना विचारून दुकानातला तराजू घेऊन आली. दादांनी पावडर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोलली आणि पावशेर जिथपर्यंत येते तिथे डब्याला ऑइलपेंटची रेघ मारली.

निवळी ओतल्यावर अर्धा तास थांबून ओटी टेस्ट झाली, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीच्या द्रावणाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर पाणी पिण्याजोगं धरायचं नाही. नळीतलं पाणी पिवळं होताना बघून पोरांनी केलेला गलका मी विसरले नाही.

इथे परिपाठाचा विषय येतो. बऱ्याच शाळांत परिपाठ म्हणजे निव्वळ उरकाउरकी असते, हे मी शिक्षिका असून सांगते. सुविचार दरवर्षी तेच, दिनविशेष मोबाइलवरून उतरवलेला आणि बातम्या म्हणून रेपो दर नाहीतर कुठलं तरी विधेयक, जे वाचणाऱ्यालाही कळत नाही. मी बातम्या बंद करून 'गावची बातमी' सुरू केली. कुणाची गाय व्याली, कुठल्या वाडीला एसटी आली नाही, बाजारात कांदा काय भावानं गेला, आणि त्यात रोजची ओटी. जलसुरक्षक दादा सकाळी शाळेच्या नळावर टेस्ट करायचे, ज्याचा नंबर असेल ते मूल शेजारी उभं राहून वहीत तारीख घालून लिहायचं, 'पिवळा' किंवा 'रंग नाही', आणि परिपाठात वाचून दाखवायचं. जी मुलं वर्गात चार ओळी धड वाचत नव्हती, ती स्वतः लिहिलेलं न अडखळता वाचायला लागली.

पावसाळा लागला आणि वहीत लागोपाठ 'रंग नाही' यायला लागलं. आमची शाळा देवळाला लागून, परिपाठ माइकवर. एका मुलीनं खणखणीत आवाजात वाचलं, "आजही पाण्याला रंग आलेला नाही. पाणी उकळून प्या." पारावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. दुपारी सरपंच आणि दोन सदस्य शाळेत. चिडलेले होते, आणि त्यांच्या जागी कुणीही चिडलं असतं. मी काही बोलले नाही, वही पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, चला, बघू.

पंपघरात टीसीएलची गोणी ओल्या फरशीवर, तोंड उघडं, पावडरचे खडे झालेले. दमट हवेत उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर वापरायची नसते. दादा बिचारे रेघेपर्यंत मोजून टाकत होते, पण टाकत होते तो जवळजवळ चुनाच. नवी गोणी आली, ती लाकडी फळीवर ठेवली, तोंड सुतळीनं बांधलं. वहीत पुन्हा 'पिवळा' सुरू झाला. सरपंचांनी पुढे त्याच मुलांना बालसभेत बोलावलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. कुणीतरी हे वर कळवलं आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शिक्षकांसमोर एका साहेबांनी मला उभं केलं. "बाई, शाळेनं गावच्या भानगडीत पडायचं नसतं. आणि टाकीवर जाऊन पोरं शिकली काय? पुस्तकाची किती पानं झाली?" मी सांगितलं: मोठ्या संख्यांचा गुणाकार, ग्रॅम आणि लिटर, निवळणं, तारीखवार नोंद ठेवणं आणि चारचौघांत उभं राहून खरं ते वाचणं. शिक्षण हक्क कायद्याचं 29वं कलमही सांगितलं. 2009च्या त्या कायद्यात लिहिलंय की मुलांनी कृतीतून, शोध घेत शिकायला हवं. साहेब म्हणाले, "ते कायद्यात असतं." असं म्हणून पुढचा विषय घेतला.

कायद्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कशी? म्हणून अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथेच शिकवायचं. त्या मुलांचं पुस्तक मागे पडलं, असं कुणी म्हणून दाखवावं.

मोठ्या सहलींबद्दल मात्र माझं मत एवढं चांगलं नाही. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, तरी शेजारच्या शाळा जातात म्हणून पालक वॉटरपार्कचा हट्ट धरतात. जायचं तर जा, पण ती मजा आहे, तिला शैक्षणिक म्हणू नका. आम्हाला शिवनेरी जवळ. टाकीचं प्रकरण झाल्यावर मुलांना गडावर नेलं तेव्हा ती गंगा-जमुना टाक्यांपाशीच थांबली. कातळात हे पाणी येतं कुठून, महाराजांच्या वेळी ते साफ कसं ठेवायचे, असे प्रश्न. शिवजन्म 1630चा हे त्यांना पाठ होतंच. आनंद मेळाव्याचंही असंच. आयांनी भजी तळून द्यायची आणि मुलांनी नुसतं टेबलामागे बसायचं, तर तो वेळ फुकट. बेसन कितीचं, तेल कितीचं, उरलं काय, हे मुलानं मांडलं तर नफा-तोट्याचा पाठ झाला.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ओटीचं द्रावण आणि टीसीएल मुलांच्या हातात द्यायचं नाही, ते काम मोठ्यांचंच. टाकीच्या शिडीवर कुणीही चढायचं नाही, विहिरीच्या काठाशी न्यायचं नाही, पालकांची लेखी संमती घ्यायची. मुरुडच्या समुद्रात 2016 साली सहलीला गेलेली पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली. एवढी मोठी मुलं गेली तिथे आपली तर आठ-नऊ वर्षांची. आणि तुमची मुलगी तिसरीत असून तिला जोडाक्षरं वाचता येत नसतील, तर क्षेत्रभेटींनी ते भरून निघणार नाही. त्यासाठी रोज वाचूनच घ्यावं लागतं, बाईंना स्पष्ट विचारा.

माध्यमाचं तुम्ही घरी ठरवा, त्यात मी पडत नाही. फक्त भेटी होतात या कारणासाठी शाळा सोडू नका. त्याआधी एक करा. पोस्टात जाऊन आल्यावर मुलांनी काय लिहिलं ते बाईंकडे मागा. वह्यांत मुलांच्या अक्षरातल्या नोंदी असतील, प्रत्येकाच्या वेगळ्या, तर काम चाललंय. सगळ्या वह्यांत फळ्यावरून उतरवलेला एकच निबंध असेल, तर तुमची शंका बरोबर आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आणि तिथे कुणी विचारलंच की वेळापत्रकात हे बसतं कुठं, तर सांगा, परिसर अभ्यासाच्या तासात. मी साहेबांना हेच लेखी दिलं होतं, त्यावर उत्तर आलं नाही.